बारावी पट्टी

"हात मागे घ्या," शलाका म्हणाली.

टाकीतून नुकतीच वर आलेली पट्टी आरशासारखी चमकत होती आणि एक अनोळखी तरुण तिला बोट लावायला निघाला होता. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन शेड चुकून तो इथे पोचला होता. नाव गिरीराज, पुण्याचा. मोडलेली हाडं जोडायच्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतून तो तपासणीला आला होता.

"तपासणीला आलात, आणि उघडं बोट?"

"चमक बघून विसरलो."

"पट्टीची?"

तो लाजला. बंगळुरूतच, बनशंकरीत वाढलेली शलाका गालात हसली आणि सवयीनं कानडी मिसळत "सरी, स्वल्प लांब उभे राहा" म्हणाली.

आज बारा पट्ट्या चकाकवायच्या होत्या. बाराही पास झाल्या, तर टाकी एकट्या शलाकाच्या हाती देणार, असं मालक दामोदरअण्णांनी कबूल केलं होतं. चार वर्षं ती मदतनीस होती.

काम नाजूक. आधी वीज सुरू करायची, मग पट्टी हळूहळू क्षारांच्या गरम पाण्यात सोडायची. तिच्याभोवती वाफेचं पातळ कवच धरतं, त्यात जांभळा उजेड थरथरतो… आणि खरखरीत धातू गुळगुळीत होतो.

अकरा झाल्या. बारावीच्या वेळी गिरीराजनं, रविवारी सुट्टी असते का, असं हळूच विचारलं. शलाकानं वर पाहिलं, आणि पट्टी आधी पाण्यात गेली, वीज मागून. टाकी तडतडली. पट्टीच्या कडेला बारीक खड्डे पडले.

त्यानं भिंगातून पट्टी बराच वेळ पाहिली. मग कागदावर लिहिलं — बारा पास.

शलाकानं कागद ओढून घेतला. "खड्डे दिसले नाहीत?"

"दिसले."

"मग?"

"चूक माझ्यामुळे झाली… तू माझ्याकडे बघितलंस म्हणून. टाकी तुला मिळायला हवी. मला तू आवडतेस, शलाका."

शलाकाचे कान तापले.

"ही पट्टी कुणाच्या तरी मांडीत बसणार आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी त्या माणसाला फसवू नकोस. खोड ते."

त्यानं खोडलं. तिनं स्वतः जाऊन अण्णांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण आणखी तीन महिने थांब म्हणाले. ती परत आली तेव्हा डोळे भरले होते. गिरीराज तिथेच उभा होता.

"आता माझ्याशी बोलणार नाहीस?"

"खोडलं नसतंस, तर नसते बोलले."

पुढच्या गुरुवारी तो आला आणि न सांगताच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शलाकानं वीज सुरू केली, पट्टी सावकाश सोडली. जांभळा उजेड नीट धरला, तशी ती म्हणाली, "हं… आता बघ."

तो वळला. टाकीकडे त्यानं पाहिलंच नाही.

"रविवारी सुट्टी असते," शलाका म्हणाली.