दुपारची तक्रार

उर्वशी नगराळे वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर तिथं एक अनोळखी पोरगा गुडघ्यावर बसून त्यांची गच्ची मोजत होता.

"बरं झालं आल्या," तो मान वर न करताच म्हणाला. "हे टोक धरता का जरा?"

दुसरी कोणी असती तर ओरडली असती, नाहीतर लाजली असती. उर्वशीनं टेपचं टोक धरलं, माप नीट होऊ दिलं आणि मग विचारलं, "तुम्ही कोण?"

"संघदीप मुनेश्वर. मारेगावचा, आता यवतमाळातच राह्यतो. सोलरवाला. तुमच्या आईनंच बोलावलं."

"ओळखपत्र?"

त्यानं गळ्यातलं कार्ड पुढे केलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मोबाईल काढला. "सरळ उभे राहा. कार्ड छातीशी धरा. फोटो काढते."

"कायले?"

"पळून गेले तं पोलिसात द्याले."

तो हसला, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. फोटोत त्याच्या डाव्या गालावरची खळीसुद्धा आली. उर्वशीला त्याचा रागच आला. पोलिसात द्यायच्या फोटोत माणसानं इतकं बरं दिसावं का?

तशी ती मुळातच संशयी नव्हती हो. पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कपड्याच्या कारखान्यात ती तपासणीला होती. दिवसभर शर्ट उलटे करून वाकडी शिलाई शोधायची, सापडली की बाजूला फेकायचा. त्यात वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. गेल्या वर्षी पाण्याच्या फिल्टरचा एक गोडबोल्या माणूस आला. पंचफुलाबाईंनी, म्हणजे उर्वशीच्या आईनं, त्याची साऱ्या गल्लीत तारीफ केली. लोकांनी आगाऊ पैसे दिले आणि गडी जो गेला तो गेलाच. त्यानंतर कितीतरी दिवस समोरच्या रुक्माबाई पंचफुलाबाईंशी धड बोलतही नव्हत्या. आईचं ते उतरलेलं तोंड उर्वशी विसरली नव्हती.

म्हणून या सोलरवाल्याला तिनं फार पिदडलं.

"सबसिडी खरंच मिळते का, की नुसतं सांगून राह्यले?"

"मिळते. पॅनल लागले की वीज कंपनीचे साहेब तपासाले येतात. त्यांनी पास केलं की पैसे सीधे तुमच्या खात्यात. माह्या हातात काहीच नाही येत."

"अन् नापास केलं तं?"

"तं मी वापस येईन. दुरुस्त करीन." तो थांबला... "तसं पास केलं तरी येऊ शकतो. चहा चांगला आहे तुमच्या इथला."

"चहा आईनं केला."

"मंग तुम्ही काय करता?"

"मी चुका काढते."

"माह्यात किती सापडल्या?"

"मोजून राह्यली," ती म्हणाली, आणि कप उचलून घाईघाईनं आत गेली. ओठ दाबून धरले तरी हसू फुटत होतं.

पॅनल लागले. भर एप्रिलातलं यवतमाळचं ऊन, त्याला काय कमी? पहिल्याच आठवड्यात मोबाईलवरचा विजेचा आकडा टणाटण चढला. गल्लीतली पाच घरं रांगेत होती, पण ती नगराळ्यांकडे बघत होती. पंचफुलाबाईंच्या शब्दाला आता वजन नव्हतं. मग उर्वशीनं स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं, "मी तपासलं आहे. माणूस खरा आहे." असं वाक्य तिच्या तोंडून निघालं, हे तिचं तिलाच नवल वाटलं. त्या रात्री तिनं पोलिसात द्यायचा फोटो जरा जास्तच वेळ पाहिला.

आणि भीमजयंती झाली, तसा आकडा पडायला लागला.

सकाळी ठीक असायचा. दुपारी, ऊन डोक्यावर आलं की वीज अर्ध्यावर. संध्याकाळी पुन्हा ठीक. रविवारी मात्र दिवसभर झक्कास. म्हणजे उर्वशी घरी असली की पॅनल शहाणे, ती ड्युटीवर गेली की बिघडलेले. तपासणीवाल्या पोरीच्या डोक्यात घंटा वाजणार नाही तर काय? साहेब पुढच्याच आठवड्यात येणार होते. नापास झालं तर सबसिडी गेली, शब्द गेला, आणि गल्लीत आईला पुन्हा मान खाली घालून चालावं लागलं असतं.

"आई, दुपारी कोणी येते का गच्चीवर?"

"कोण येईन बापा?" पंचफुलाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्या लेकीकडे नाही, पातेल्याकडे बघत होत्या.

रुक्माबाईंनी दारातूनच कान फुंकले. "तो सोलरवाला पोट्टा आलता ना. कालही आलता, परवाही आलता. जाताना थैली होती हातात भरलेली. तुले नाही सांगितलं मायनं?"

नवे पॅनल काढून जुने बसवतोय? आतल्या तारा नेतोय? आणि आई त्याला सामील... नाही, आई भोळी आहे, तिला गोड बोलून गुंडाळलं असेल. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"काल दुपारी आमच्या गच्चीवर होते का तुम्ही?"

"होतो."

"काहून?"

"ते... मी नाही सांगू शकत."

"पॅनल बदलून राह्यले का?"

"नाही."

"मंग काय नेता थैलीत?"

"उर्वशी, थोडा भरोसा ठेवा ना माह्यावर."

"भरोसा ठेवून झाला आमचा मागच्या साली. मी पाचही घरी सांगते, लावू नका म्हणून."

"सांगा," तो म्हणाला. आवाज पार पडला होता. "तुमची सबसिडी नाही अडकू देणार मी. एवढं ध्यानात ठेवा."

तिनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पाचही घरांनी संघदीपला नाही म्हणून कळवलं. उर्वशी न जेवताच निजली. त्याचा राग आला होता, आणि तो खोटा निघाला म्हणून आपल्याला रडू येतंय, याचा त्याहून जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी टाकून ती भर दुपारी घरी आली. चप्पल खालीच काढली आणि दबक्या पावलांनी जिना चढली.

गच्चीवर पंचफुलाबाई डोक्यावरून पदर घेऊन सोऱ्या दाबत होत्या. दोन पॅनलवर ओली फडकी पसरलेली, कपड्याच्या चिमट्यांनी पक्की केलेली, आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरोड्यांच्या ओळी. तिसऱ्या पॅनलवर गव्हाचा चीक वाळून घट्ट बसला होता. संघदीप तो ओल्या कपड्यानं पुसत होता. कठड्याशी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट अर्धी उभी होती, तिला जाळी बांधायची बाकी होती.

काल एवढं ऐकून घेतलं, पाच घरं गेली, तरी हा माणूस आजही आला होता.

"आई, हे काय आहे?"

पंचफुलाबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला. "तुह्या सोलरनं माही सारी उन्हाची जागा खाल्ली. लोकाईच्या ऑर्डरी घेऊन बसली मी. कुठं वाळवू? काच अशी तापते का एका दिवसात कडकडीत होते." त्यांचा आवाज बारीक झाला. "यानं पहिल्याच दिवशी पकडलं मले. म्हणे काकू, वीज कमी होते, मी तुम्हाले वाळवणाची जाळी करून देतो, पण पोरीले सांगून टाका. मीच शपथ घातली, सांगू नको म्हणून."

"अन् थैली?"

"कुरोड्या. दुसरं काय देऊ त्याले? पैसे घेत नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"फिल्टरच्या वक्ती माह्यामुळं साऱ्याईनं तोंड फिरवलं. आता तू शब्द टाकला, अन् तोही मीच मातीत घातला, हे कोणत्या तोंडानं सांगू तुले?"

उर्वशीला आईकडेही बघवेना आणि त्याच्याकडेही. "मी पाचही घरी सांगून आली," ती म्हणाली. "चुकलं माह्यं. संघदीप, माफ करा."

"तपासणं कामच आहे तुमचं," त्यानं कपडा पिळला. "पण वाईट वाटलं. घरं गेल्याचं नाही. तुम्ही... तुम्ही म्हटलं म्हणून."

पंचफुलाबाई उठल्या. फडकं सोडवलं, तसंच कुरोड्यांसकट हातावर घेतलं आणि कठड्याशी जाऊन हाक मारली. "रुक्मा, ओ रुक्मा! सोलर चांगलं आहे वं. पोट्टाही चांगला आहे. मीच त्या पॅनलवर कुरोड्या वाळू घातल्या."

गल्लीभर जी खसखस पिकली ती संध्याकाळपर्यंत. रुक्माबाई तर जिना चढून बघायला आल्या. पॅनल पाहिले, कुरोडी चाखली आणि संघदीपला म्हणाल्या, "माह्या घरी लाव, पण जाळी आधी बांध." एकीनं म्हटल्यावर बाकीचीही मागे कशी राहतील? पाचही घरं परत आली.

साहेब आले, तपासलं, पास केलं. सबसिडी खात्यात आली. पंचफुलाबाई दोनदा लेकीकडून बँकेचा मेसेज वाचून घेऊन आनंदल्या.

आणि संघदीप यायचा थांबला. बरोबरच होतं म्हणा, कारणच संपलं होतं. समोर रुक्माबाईंच्या गच्चीवर तो काम करताना दिसे, उर्वशीला बघून मान हलवी, आणि पुन्हा पान्याकडे वळे. तेवढ्यानं तिचा दिवस खराब होई. कुरोड्या आता जाळीवर वाळत होत्या, आकडा टणाटण चढत होता, आणि तिला तो चढता आकडा बघवत नव्हता.

एका रविवारी तिनं फोन लावला.

"सोलरची तक्रार आहे."

"काय झालं?"

"दुपारची वीज कमी येऊन राह्यली."

"थांबा, पाहतो." जरा वेळानं तो म्हणाला, "माह्या मोबाईलवर तं पुरी दिसते."

"तुमचा मोबाईल बिघडला असंन."

"काकूंनी पुन्हा..."

"आई जाळीवरच वाळवते."



"उर्वशी, मले संशय येऊन राह्यला."

"कशाचा?"

"तुम्ही खोटी तक्रार करून राह्यल्या."

आयुष्यात एक वाकडी शिलाई जिनं पास केली नव्हती, ती डोळे मिटून म्हणाली, "हो. येऊन तपासा."

चहाला उकळी यायच्या आत त्याची गाडी दारात होती. तो वर आला, पॅनलकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"तो पोलिसातला फोटो काढून टाक आता," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला अहोजाहो करायचं विसरला.

"नाही काढत. पळून गेला तं?"

"नाही पळत."

"लेखी देशील?"

"हात देतो," तो म्हणाला आणि हात पुढे केला. ओळखपत्र केलं होतं तसा उलटापालटा न करता उर्वशीनं तो धरला. खालून पंचफुलाबाईंनी विचारलं, चहा वर आणू का. दोघांनीही उत्तर दिलं नाही, तेव्हा त्या काय ते समजल्या आणि त्यांनी कप झाकून ठेवले.