काउंटरच्या कडेचा टवका

"लढाऊ विमानाला लावायचाय. कपभर पुरे."

खोपोलीत गाड्यांच्या रंगाचं दुकान म्हणजे गिऱ्हाइकांचे नमुने काही कमी नसतात. पण हा नमुना नवीन होता. पौर्णिमानं मान वर केली. कारखान्याच्या निळ्या शर्टातला एक उंच, सावळा पोरगा काउंटरच्या कडेला हात टेकून उभा, आणि चेहरा अगदी गंभीर.

"विमान बाहेर लावलंय का?" तिनंही गंभीरपणे विचारलं. "टेंपोला वाट ठेवा म्हणजे झालं."

"नाही, घरी आहे. कळंबला." त्यानं वीत करून दाखवली. "एवढंसं."

मग ती हसली, आणि तोही हसला. नाव योगेंद्र. कारखान्यात मशिनं दुरुस्त करायची आणि घरी महायुद्धातल्या विमानांची मॉडेलं बनवायची, असा त्याचा उद्योग. आत्ताचं विमान होतं हरिकेन, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढलेलं. त्याला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी हवा होता.

पौर्णिमानं त्याच्या फोनवरचा फोटो बघून हिरवा जुळवला. शेड जुळवण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थोडा पांढरा टाकाल?" तो म्हणाला.

"फोटोत आहे तस्साच आहे हा!"

"आहे ना. पण विमान लांबून बघितलं की रंग फिका दिसतो. एवढ्याशा मॉडेलला अस्सल रंग दिला तर ते काळंच वाटतं."

तिनं नाक मुरडलं आणि पांढरा टाकला. पुढच्या शनिवारी तो तपकिरी न्यायला आला. त्याच्या पुढच्या शनिवारी पोटाखालचा राखाडी. मग पंख्याचा काळा, मग चाकांचा वेगळा काळा...

"एवढ्याशा विमानाला किती रंग लागतात हो?"

"खरं सांगू? रंग कधीच पुरे झालेत," तो म्हणाला, आणि एकदम फळीवरचे डबे वाचायला लागला.

पौर्णिमाचे कान तापले. शनिवार आला की ती केसांना जरा जास्त वेळ द्यायला लागली, हे आईच्या लक्षात आलं. तिचे वडील श्रीपत यांच्या लक्षात डब्यांखेरीज काही येत नाही, असा घरातल्यांचा समज होता.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी दरवर्षी दुकान रंगायचं. यंदाही पौर्णिमानं शटर, फळ्या, काउंटर सगळं चकचकीत केलं. श्रीपतनं फिरून पाहणी केली आणि काउंटरच्या कडेला बोट ठेवलं. तिथं रंग घासून पत्रा उघडा पडला होता.

"हा टवका राह्यला की गं. इथं ब्रश का नाय लागला?"

"रंग संपला पप्पा."

श्रीपत "बरं" म्हणाला आणि चहाला गेला.

भाताची कापणी सुरू झाली तसा योगेंद्र एक खोकं छातीशी धरून आला. "दोन दिवस सांभाळाल का? घरी झोडणी चाललीय. सगळीकडे तूस. रविवारी पुण्याला प्रदर्शन आहे, शनिवारी सकाळी घेऊन जातो." सेकंड शिफ्टची घाई होती. खोकं तिच्या हातात देऊन तो पळालाच.

तिनं खोकं उघडलं. काय देखणं विमान होतं! आणि काय दशा झाली होती त्याची... डाव्या पंखाच्या मुळाशी टवकेच टवके, इंजिनाच्या झाकणाला ओरखडे, बंदुकांमागे काजळी, पाठीवरचा हिरवा विटलेला. बिचाऱ्याचं कुठं तरी आपटलं असणार आणि त्याला दुरुस्तीला वेळ मिळाला नसणार, असं तिनं ठरवून टाकलं. टवका दिसला की तो भरायचा, यात तिची सारी उमर गेली होती. दोन दिवस ती भिंग डोळ्याला लावून बसली. सगळ्यात बारीक ब्रश घेऊन एकेक टवका भरला, काजळी पुसली, वरून पारदर्शक क्लिअर कोट मारला, पॉलिश केलं. विमान आरशासारखं झालं. मनातल्या मनात तिनं त्याचा खुललेला चेहराही बघून घेतला.

शनिवारी योगेंद्रनं खोकं उघडलं. चेहरा काही खुलला नाही.

"तुम्ही... दुरुस्त केलंत?"

"सगळे टवके भरले. कुठं होते ते शोधून दाखवा बघू!"

"ते टवके मीच काढले होते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. चंदेरी रंगावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून हिरवा मारायचा आणि मग मीठ खरवडायचं. महिनाभर तेच करत होतो." त्यानं पंखाच्या मुळाशी बोट नेलं. "पायलट रोज इथंच पाय देऊन चढायचा. झाकण मेकॅनिक रोज उघडायचा. जिथं माणूस सारखा येतो, तिथला रंग जातो. नुसतं चकचकीत विमान म्हणजे... त्याच्याकडे कुणी आलंच नाही कधी."

पौर्णिमाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तिनं चार वेळा माफी मागितली. तो "असू दे, असू दे" म्हणाला, खोकं उचललं आणि गेला. ओरडला असता तरी परवडलं असतं. "येतो" म्हणायचा दर वेळी, ते मात्र आज म्हणाला नाही.

मग जो आठवडा गेला तो वैऱ्यावरही येऊ नये. हा आता कशाला येतोय? रंग तर कधीच पुरे झालेले. ती घरून मिठाची पुडी घेऊन आली आणि बॉनेटच्या भंगार तुकड्यावर चंदेरी, मीठ, हिरवा असा खेळ मांडून बसली. पहिल्यांदा सगळाच रंग निघून आला. मग हळूहळू जमायला लागलं. आईनं "भाजी अळणी का गं?" विचारलं तेव्हा कुठं घरातलं मीठ संपल्याचं उघड झालं.

शनिवारची सकाळ रिकामीच गेली. दुपारी ती जेवणाचा डबा उघडून बसली. आणि तेवढ्यात दारात निळा शर्ट दिसला, छातीशी खोकं.

"काय झालं पुण्यात?" तिनं कसंबसं विचारलं.

"टेबलावर मांडलं. परीक्षक म्हणाले, कुठल्या शोरूममधून आणलंत?"

"अरे देवा..."

"खरवडायला घेतलं होतं आदल्या रात्री. पण भरलेला एकही टवका सापडेना. एवढा जीव लावून कुणी माझ्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. माझा हातच चालेना." त्यानं खोकं खाली ठेवलं. "म्हटलं, खरवडायचं तर दोघांनी मिळून."

तिनं बॉनेटचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. तो वाकून बघत राहिला. हात सवयीनं काउंटरच्या कडेला टेकला आणि घड्याळाचा स्टीलचा पट्टा पत्र्यावर टक्कन वाजला. त्यानं चमकून हात उचलला.

"हा एवढा टवका तुमच्या नजरेतून सुटला?"

"सुटला नाही," पौर्णिमा म्हणाली. "ठेवला. दुकान रंगवताना ब्रश घेऊन उभी होते, पण हातच फिरेना. का ते तेव्हा कळलं नाही. तुम्ही पायलटच्या पायाचं सांगितलंत... तेव्हा कळलं."

योगेंद्रनं टवक्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग बराच वेळ तिच्याकडेच.

"मी तुझ्यासाठीच येत होतो," तो म्हणाला. "चाकांना वेगळा काळा लागत नाही."

"ठाऊक होतं."

"आमच्या घरी जातीवरून बोलणं होईल. आधीच सांगतो. पण मी मागं हटणार नाही."

"आमच्याकडेही प्रश्न येतील. येऊ देत. रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारत नाही आम्ही."

तेवढ्यात चहा पिऊन श्रीपत आत आला. मीठ बघितलं, विमान बघितलं, काउंटरवर अगदी जवळजवळ टेकलेले दोन हात बघितले.

"पौर्णिमा, तो कडेचा टवका आज तरी भरून घे गं."

"रंग संपलाय पप्पा."

श्रीपतनं छतापर्यंत डब्यांनी भरलेल्या फळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. मग योगेंद्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

"हां," तो म्हणाला, "संपला असंल."