पाहुण्यांच्या पायांचं पाणी

तहानलेल्याला नाही म्हणू नये, असं पोशीला आईनं शिकवलं होतं. पण मागून घेतलेलं पाणी सांडणाऱ्याला काय म्हणावं, ते शिकवलं नव्हतं. ते तिला त्या दिवशी आपलं आपणच सुचलं.

माघ सरत आला होता. त्या वेळी जव्हारात राजाचं राज्य होतं, आणि कातळपाडा त्या राज्याच्या मोखाड्याकडच्या टोकाला, उघड्या माळावर होता. पाड्याखालचा ओहळ कधीच आटला होता. बायका खडकातल्या झिऱ्यावर पाळी लावून बसायच्या. झिरा म्हणजे हातभर खोल खड्डा. त्यात पाणी पाझरायचं, ते वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यानं अलगद उचलून मडक्यात ओतायचं, आणि पुन्हा पाझरायची वाट बघत बसायचं. पोशीचं मडकं गळ्यापर्यंत आलं होतं, तेव्हा डोक्यावर पाटी घेतलेला एक जण वाटेवरून खाली उतरला.

"बाय, घोटभर पाणी दे."

तिनं तुंबा भरून दिला. तो अर्धा प्यायला. उरलेला अर्धा ओंजळीत घेऊन सपकन तोंडावर मारला, मान झटकली, आणि पाणी खडकावर उडालं.

"तोंड धुवायचं होतं तर घरनं पाणी आणायचं होतंस," पोशी म्हणाली.

तो दचकला. मग हसला. "आमच्या दाभोशाला नदी हाय. आमच्या म्हशी पण तोंड धुवून घरी येतात."

"मंग म्हशींच्या संगतच राहायचं. इकडं माणसांत कशाला आलास?"

"बाजाराला चाललो मोखाड्याला. सुकं मासं हायत."

"ते वासावरनं कळलं मला. आता बस इथं. सांडलंस तेवढं भरून दे, मंग जा."

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण ती खरोखरच तुंबा त्याच्या हातात देऊन बाजूला सरकली. तो बसला. पाणी पाझरेना. त्यानं खड्ड्यात हात घातला तर गढूळ झालं, आणि पोशीनं असं बघितलं की त्यानं हात मुकाट्यानं मागं घेतला.

"एवढा वेळ लागतो?" त्यानं हळूच विचारलं.

"एवढाच लागतो."

ऊन कलायला लागलं. त्याचा बाजार बुडाला. पण तो उठला नाही. त्याचं नाव जिवा, हे तिला तेव्हा कळलं. आणि हसताना तो खाली बघतो, हेही.

मडकं त्यानंच तिच्या घरापर्यंत उचलून आणलं. घरात पोशी आणि तिची आई फागी, दोघीच. बाप साथीच्या तापात गेला होता. फागीनं पाहुण्याला नागलीची भाकर दिली, आणि जिवा खाता खाता घरातलं पाणी बघत राहिला.

त्या घरात पाणी एकदा वापरून संपत नसे. तांदूळ धुतले की ते पाणी हात धुवायला. भांडी राखेनं घासून कोरडी पुसायची, मग त्याच पाण्यात एकदा विसळायची. ते गढूळ पाणी रांजणाच्या फुटक्या बुडात निवळत ठेवायचं. वरचं निवळ बकरीला, खालचा गाळ डांगराच्या वेलाला. मागच्या दारी अंघोळीचा दगड होता, त्याला फागीनं छिन्नीनं खाच पाडली होती. अंगावरून उतरलेलं पाणी त्या खाचेनं थेट वेलाच्या मुळात जायचं. सगळा माळ भाजून निघाला होता, आणि या दोघींच्या मागच्या दारी हिरवी पानं हातभर पसरली होती.

"राजाचे शिपाई आपल्याला वेठीला धरतात," जिवा म्हणाला, "नी तुम्ही पाण्याला धरलंय. बिचाऱ्याला सुट्टीच नाय."

फागी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण पोशीनं वळून आईकडं बघितलं.

त्यानंतर दर बाजाराला जिवाची वाट कातळपाड्यावरून जायला लागली. सरळ वाट दुसरीकडून होती, हे पोशीला ठाऊक होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही.

एकदा तो पाय धुवायला दगडावर उभा राहिला आणि तांब्या उपडा करायला निघाला, तशी तिनं तो हातातून काढून घेतला.

"असं नाय. नडगीवर बारीक धार सोड. पाणी आपलं आपण खाली येतं. या पायानं तो पाय घास."

"तू सोड धार. मला नाय जमत."

"तुला जमत नाय असं काय तं हाय का? मासं पकडायला जमतं, पोरींच्या घरी यायला जमतं..."

"पोरींच्या नाय. एकीच्याच."

धार थांबली. पोशीनं खाली बघून ती पुन्हा सोडली, पण आता ती जरा वाकडी पडत होती.

पुढच्या खेपेला त्यानं मासळीच्या पाटीत एक मोठा तुंबा लपवून आणला. बूच काढलं. आत नदीचं पाणी होतं. दाभोशाहून माळावर, डोंगर चढून, उन्हातून त्यानं ते डोक्यावर आणलं होतं.

"लोक पोरीला फुलं आणतात," पोशी म्हणाली.

"फुलं काय करशील? वेलाला घालता येत नाय."

तिनं आधी आईला दिलं, मग आपण प्यायली. "मासळीचा वास येतो," असं म्हणाली, आणि पुन्हा प्यायली. मग तुंबा मांडीवर ठेवून म्हणाली, "मागायला ये. नुसता येत राहू नको."

"येतो," तो म्हणाला. "शिमगा होऊ दे. मामाला घेऊन येतो."

शिमग्यात जिवाच्या भावाचं तान्हं पोर तापानं गेलं. म्हणून बोलणं लांबलं. चैत्रात एकदाचा निरोप आला: पाहुणे येतात.

तोवर झिऱ्याचं पाणी निम्म्यावर आलं होतं. पण मागणी घालायला आलेल्यांच्या पायावर पाणी घालायचं, ते भरल्या तांब्यानं. तिथं हात आखडला तर पोरीच्या घराची शोभा गेली. मग आत बसायचं, बोलायचं, आणि दोन्हीकडचे एका भांड्यातली दारू प्यायले की सोयरीक पक्की. दारू पोशीचा चुलता कान्हा आणणार होता. पाणी या दोघींनी साठवायचं होतं. त्यासाठी दोघींनी अंघोळ सोडली. तोंडाला ओला हात लावायचा, एवढंच. पोशीला त्याचं काही वाटलं नाही. भरलेलं मडकं बघितलं की तिला आपलं लग्नच तिथं झाकून ठेवल्यासारखं वाटायचं.

पाहुणे आले. पुढं जिवाचा मामा लाडक्या, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. मागं दोघं भाऊबंद. सगळ्यांत मागं नवं धोतर नेसलेला जिवा. पाहुण्यांना मागच्या दारी दगडावर नेता येत नाही, म्हणून अंगणातच पाय धुवायचे ठरलं. अंगणातलं पाणी धुळीत जाणार. पोशीला ते बघवेना. तिनं जुनी लाकडी काठवट आणून पायांखाली ठेवली.

"अरे वा," लाडक्या म्हणाला, "आमच्या पायांना देवासारखं ताटात घेतलंत!"

सगळे हसले. जिवा खाली बघून हसला. पोशीनं भरल्या तांब्यानं पाणी घातलं, कुठंही हात आखडला नाही. पाहुणे आत गेले.

फागीनं काठवट उचलली. बकरी तोंड घालील म्हणून वर पळसाची पानं झाकली, आणि ती मागच्या दारी निघाली. एवढंच झालं. रोज होत होतं तेवढंच.

दारातून लाडक्यानं बघितलं. "ए बाय! आमच्या पायांचं पाणी झाकून कोठं नेतेस?"

"वेलाला, दादा," फागी काठवट खाली ठेवून म्हणाली.

"वेलाला घालायचं पाणी झाकतं कोण?"

कान्हाच्या हातात दारूचं भांडं होतं, ते तसंच राहिलं. माणसाच्या पायांची माती, डोईचे केस, अंगाचं पाणी हातात आलं की करणी करता येते, हे तिथल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. फागीलाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं पाणी राखता राखता ती ते विसरून गेली होती. चूक म्हणायची तर ती तेवढीच.

"नवरा गेला हिचा," लाडक्या म्हणाला. "माळ सगळा करपला, नी हिचाच वेल हिरवा. आमचा पोरगा इथं यायला लागला, नी शिमग्याला आमच्या घरातलं पोर गेलं. भुताळी हाय ही."

पोशीनं जिवाकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. तो त्या दगडावर उभा राहिला होता, वेलाचं डांगर त्यानं खाल्लं होतं. त्यानं नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

"मामा..." जिवा म्हणाला.

आणि थांबला. त्यानं काठवटीकडं बघितलं. पानांखाली काय आहे ते दिसावं, तसं बघितलं. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. मग मान वर करून तो म्हणाला, "मामा, तसं नाय काय..." पण तोवर लाडक्यानं अंगणात उतरून लाथेनं काठवट उलथवली होती. पाणी अंगणभर पसरलं आणि धुळीनं ते पिऊन टाकलं. पाहुणे दारू न पिता गेले. जिवाला त्यांनी दंडाला धरून नेलं.

त्यानंतर झिऱ्यावर फागीची पाळी सगळ्यात शेवटी लागायला लागली. कोणी उघड बोललं नाही. बायका फक्त आपापली मडकी बाजूला ओढून घ्यायच्या. कान्हा एकदा येऊन म्हणाला, "वयनी, साठवू नका काही. लोकांना दिसेल असं सांडत जा." मग फागीनं तेही केलं. रोज सकाळी ती अंगणाच्या मधोमध उभी राहून, सगळ्यांच्या देखत, तांदळाचं पाणी, हात धुतलेलं पाणी धुळीत ओतायची. आयुष्यात तिनं कधी पाणी टाकलं नव्हतं. मागचा वेल आधी पिवळा झाला, मग करपून पाड्यातल्या इतर वेलांसारखा दिसायला लागला. तेव्हा कुठं लोकांना बरं वाटलं.

वैशाखात भर दुपारी जिवा आला. बरोबर पाटी नव्हती.

"मी घर सोडून आलो," तो म्हणाला. "इथं राहतो घरजावई म्हणून. नाय तर तुला नी आयसला घेऊन लांब जातो. पोशी, मी तेव्हा लवकर बोलायला हवं होतं."

"बोलला नाहीस त्याचं मला काय नाय," ती म्हणाली. "माणूस घाबरतो. पण तू बघितलंस."

"काय बघितलं?"

"काठवटीत."

तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "एकदाच... पोर नुकतं गेलं होतं. एकदाच आलं मनात."

"हां. एकदाच." पोशीचा आवाज चढला नाही. "उद्या आपलं पोर तापलं, अंगावर प्यायचं बंद झालं. तवा तू पहिल्यांदा कोणाकडं बघशील, जिवा? पोराकडं, का माझ्या आयसकडं?"

ऊन त्याच्या पाठीवर होतं.

"खोटं बोलू का?" त्यानं विचारलं.

"नको."

"मंग मला माहीत नाय."

पोशीला त्या वेळी तो जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता. ती जवळ गेली. त्याच्या खांद्याला धूळ लागली होती, ती तिनं हातानं झटकली. मग हात तिथंच राहिला...

"माझा जीव तुझ्यावर हाय," ती म्हणाली. "तो काय आता परत येत नाय. पण माझी आयस मी तुझ्या 'माहीत नाय'च्या हाती देत नाय. जा."

तो गेला. वळणावर थांबला, पण तिनं हाक मारली नाही.

घरात येऊन ती आईला म्हणाली, "आये, उद्यापासून पाणी सांडायचं नाय. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत." फागीनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि रांजणाचं फुटकं बूड पुन्हा जागेवर ओढून ठेवलं.

पोशीला पुन्हा मागणं आलं नाही. भुताळीची पोर कोण करणार? जिवानं मात्र दोन पावसाळे गेल्यावर लग्न केलं, असं कानावर आलं. बायको नदीकाठचीच होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी पोशी मोखाड्याच्या बाजारात मीठ घ्यायला गेली होती. सुक्या मासळीची पाटी मांडून गंगी नावाची एक दाभोशाची बाई बसली होती. मासळी निवडता निवडता पोशीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या तिकडं जिवा म्हणून होता एक..."

"हाय की. बिचाऱ्याचं पोर गेलं गेल्या पावसात. पहिलंच. तापानं," गंगी म्हणाली. "नी काय सांगू बाय, त्याच्या मामानं शेजारच्या रांडाव बाईचं नाव घेतलं. तिनंच खाल्लं म्हणाला. लोक काठ्या घेऊन निघाले. तर हा तिच्या दारात आडवा उभा राहिला. मेलेलं पोर हातात. म्हणतो, ताप होता, तापानं गेलं, त्या बायच्या अंगाला हात लावायचा नाय. मामाशी भांडण झालं ते आजपर्यंत मिटलं नाय."

पोशीच्या हातातली मासळी तशीच राहिली.

"पहिल्यांदा मामानं नाव घेतलं, तवा तो कोणाकडं बघत होता?" तिनं विचारलं.

"कोणाकडं म्हणजे?" गंगी वैतागली. "पोराकडं. दुसरं कोणाकडं बघंल?"

पोशीनं मान हलवली. मासळी पाटीत ठेवली, मीठही न घेता ती उठली आणि बाजारातून बाहेर पडली. घरी जायची वाट डावीकडं होती. दाभोशाची उजवीकडं. ती थोडा वेळ उभी राहिली, आणि मग डावीकडं वळली.