भयरेषा

सातव्या फेरीत, अठराव्या खेळीला, शैलजा म्हेत्रेने आपला उंट सरळ प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. सांगलीच्या त्या सभागृहात दीडशे प्रेक्षक होते. त्यांतल्या बहुतेकांनी पटाकडे पाहिलंच नाही. त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या. समोर बसलेल्या नाशिकच्या ग्रँडमास्टरची लाल रेघ एकदम उसळून वर गेली. शैलजाची निळी रेघ मात्र शांत पाण्यासारखी आडवी पडून होती.

चार वर्षांपूर्वी कानामागच्या कातडीखाली बसवायचा तांदळाच्या दाण्याएवढा रिसीव्हर बाजारात आला, तेव्हापासून बुद्धिबळातली लबाडी पकडणं अशक्य होऊन बसलं होतं. बाहेरून कुणीतरी संगणकाची खेळी सांगायचं, खेळाडू ती खेळायचा, आणि कोणत्याही तपासणीत काही सापडायचं नाही. शेवटी महासंघाने यंत्र शोधणं सोडलं आणि माणूस मोजायला सुरुवात केली. स्वतःच्या हिमतीवर मोहरा बळी देणाऱ्याचं शरीर गप्प बसू शकत नाही. तळव्याला घाम येतो, नाडी चुकते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. ज्याला उत्तर आधीच कळलेलं असतं, त्याला हे काही होत नाही. मनगटावरचा दोन बोटं रुंद पट्टा आणि पटावरचा छोटा कॅमेरा मिळून हे सगळं टिपत आणि त्याचा आलेख काढत. लोक त्या आलेखाला भयरेषा म्हणू लागले. तीन वर्षांत तिने सव्वीस जण पकडून दिले आणि सव्वीसही जणांनी कबुली दिली. त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

शैलजाने तो डाव सदतिसाव्या खेळीला जिंकला. ती सही करून उठली, तेव्हा मुख्य पंच दिनकर पाध्ये तिच्या खुर्चीपाशी उभे होते.

"शैलजाताई, जरा आत येता?"

पाध्ये तिला ती पंधरा वर्षांखालच्या गटात खेळायची तेव्हापासून ओळखत होते. आता ती सदतीस वर्षांची होती. आतल्या खोलीत त्यांनी तिच्यासमोर आलेखाचा कागद ठेवला.

"तीन तास चाळीस मिनिटं. उंट दिलात तेव्हा नाडी अडुसष्ट. तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कशाची?"

"हल्ला फसला असता तर?"

"तर हरले असते, सर."

पाध्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे महासंघाच्या समितीसमोर असं बोलू नका."

मग शैलजाने त्यांना आपल्या नोकरीबद्दल सांगितलं. सोलापूरच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात ती अकरा वर्षं फोन घेत होती. कुणाचं पोर विहिरीत पडलेलं असे, कुणाचं घर पेटलेलं असे. पलीकडून किंकाळ्या येत असताना तिला पत्ता विचारावा लागे, पुन्हा विचारावा लागे, आणि गाडी पोचेपर्यंत त्या माणसाला धरून ठेवावं लागे. "तिथे मी घाबरले तर पलीकडचा माणूस कोसळतो. म्हणून घाबरणं बंद केलं. पटावर तर कुणाचा जीवही जात नाही."

"मला पटतंय," पाध्ये म्हणाले. "पण अहवालाला हा कागद जोडणं मला टाळता येणार नाही."

समितीने दोन पर्याय दिले. पाच वर्षांची बंदी आणि लबाडी करणाऱ्यांच्या जाहीर यादीत नाव, किंवा दोन महिन्यांत फेरचाचणी. फेरचाचणीत रेघ 'सामान्य मर्यादेत' यायला हवी होती. तोवर तिच्या आडव्या रेघेची चित्रफीत सगळीकडे फिरली होती. नगरपालिकेच्या शाळेत ती मुलींना रविवारी बुद्धिबळ शिकवायची. त्या रविवारी बावीसपैकी चार मुली आल्या.

"सोडून दे ना खेळणं," तिचा नवरा उमेश म्हणाला. तो तिच्या काळजीपोटीच बोलत होता.

"सोडीन. पण चोर म्हणवून नाही सोडणार."

भयरेषा मर्यादेत आणून देणारं, महासंघाने मान्यता दिलेलं एक उपचार केंद्र पुण्यात होतं. तिथल्या डॉक्टर सबनीसांनी तिला मेंदूची प्रतिमा दाखवली. "हा बदामाएवढा भाग बघा. धोका दिसला की हा सगळ्या शरीराला हाक मारतो. तुमचाही मारतो. पण कपाळामागचा हा भाग त्याला लगेच गप्प करतो. इतक्या वर्षांच्या कामाने तुम्हीच त्याला ती सवय लावलीत. आम्ही चुंबकीय लहरींनी या गप्प करणाऱ्या भागाला थोडे दिवस झोपवतो. सहा बैठका पुरतात."

"तो पुन्हा जागा होतो?"

"बहुतेकांचा होतो."

"किती दिवसांत?"

डॉक्टरांनी प्रतिमा बंद केली. "आतापर्यंत तीसेक खेळाडूंवर केलंय. उपचार नवा आहे, ताई. नक्की आकडा मी नाही सांगू शकत."

तिने सही केली.

पहिल्या तीन बैठकांनंतर काहीच झालं नाही. चौथ्या बैठकीहून परतताना टेंभुर्णीजवळ एक ट्रक एसटीला घासून पुढे गेला. शैलजाने समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सोलापूर येईपर्यंत सोडला नाही. मग घरात सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की तिच्या छातीत धस्स व्हायचं. गॅस बंद आहे का हे पाहायला ती तीन-तीनदा ओट्यापाशी जाई. एके दिवशी भर दुपारी ती मुलीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ऋचा मैत्रिणींबरोबर बाहेर आली आणि आईला पाहून गोंधळली.

"काय झालं आई?"

"काही नाही. तू दिसत नव्हतीस."

"मी वर्गात होते!"

फेरचाचणी पुण्यात झाली. समोर महासंघाची एक नवखी खेळाडू होती. एरवी शैलजाने तिला सहज हरवलं असतं. अकराव्या खेळीला शैलजाने घोड्याला हात लावायला म्हणून हात पुढे नेला आणि मागे घेतला. बोटांचे घामट ठसे टेबलाच्या काचेवर उमटले. निळी रेघ वर चढली, थरथरली, पुन्हा चढली. एकोणतिसाव्या खेळीला शैलजाने हार मानली. समितीच्या अध्यक्षांनी उठून तिच्याशी हात मिळवला. "अभिनंदन, मॅडम. अगदी सामान्य मर्यादेत."

सगळे गेल्यावर पाध्ये पटाशी थांबले. मोहरे अजून तसेच होते.

"तिचा हा हत्ती तुम्ही का नाही मारलात? फुकटात मिळत होता."

"वाटलं, त्यामागे काहीतरी असेल."

"काही नव्हतं, ताई."

"हो. मला दिसत होतं काही नाहीये ते."

शैलजा पर्स छातीशी धरून दाराकडे निघाली. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, तशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

ही भीती कधी ओसरेल असं विचारलं की डॉक्टर फोनवर दर वेळी थोडं थांबा म्हणत. पाच आठवडे गेले, रजा संपली. नियंत्रण कक्षात बारा खुर्च्या होत्या. पर्यवेक्षक फरीदाने तिला आपल्या शेजारची दिली. "हळूहळू घे गं. जमेल."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. वैरागजवळच्या एका वस्तीवरून एक बाई बोलत होती. विहिरीवरच्या मोटारीचा नवऱ्याला शॉक बसला होता. तिने मेन स्विच बंद केला होता, पत्ता नीट सांगितला. शैलजाने बटण दाबलं, रुग्णवाहिका निघाली. पोचायला चौदा मिनिटं लागणार होती.

"श्वास चालू आहे का त्यांचा?"

"नाही वाटत."

"छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा. जोरात दाबा. मी मोजते, माझ्याबरोबर दाबा." हे शब्द तिने शेकडो वेळा म्हटले होते. "एक. दोन. तीन."

पलीकडून बाईचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता. ती दाबत होती, लयीत दाबत होती. शैलजाला तो माणूस दिसू लागला, चिखलात उताणा पडलेला, आणि मग त्याच्या जागी उमेश दिसला. "अकरा," ती म्हणाली, आणि बारा आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. घशातून नुसता चिरका आवाज निघाला. फरीदाने मान वळवून पाहिलं आणि तो फोन आपल्याकडे ओढून घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात पलीकडची धाप थांबली. बाईने दाबणं थांबवलं होतं. आतापर्यंत तिचा आवाज खणखणीत होता. आता तो एकदम लहान झाला.

"ताई, तुम्ही का घाबरलात? गेले का हे?"