मागे धरायला काही नाही

बसा. दिवा बंदच राहू द्या. मघापासून ऐकतोय तुमचं त्या स्पोर्ट मॉडेलचं पुराण. ज्यादा पैसे वसूल होतात की नाही, म्हणे. याचं उत्तर आमच्या ओळखीतल्या एका माणसाकडे आहे. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. तो बोलणार नाही ती गोष्ट वेगळी.

त्याला सगळे पारखी म्हणायचे. जुन्या मोटारसायकली विकणाऱ्या दुकानात किंमत ठरवायचं त्याचं काम. गाडीकडे बघायचा तसाच माणसाकडेही बघायचा. कुठे गंजलाय, किती चाललाय, किती पाडून मागता येईल. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नाही.

त्याच्या जावयाने नवी गाडी घ्यायचं काढलं होतं. साधी नको, तिचंच स्पोर्ट मॉडेल. पारख्याने जेवताना सगळ्यांदेखत त्याची सालं काढली. इंजिन तेच, चाकं तीच, वर प्लॅस्टिकचा मुखवटा आणि लाल पट्टे, त्याचे एवढे पैसे? जावई मान खाली घालून जेवत राहिला. मुलगी म्हणाली, मागे मीच बसणार आहे, मला आवडलीय. तर म्हणतो कसा, दोघांनी अक्कल एकाच दुकानातून आणलेली दिसते.

आणि योग बघा. मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरचा दुसरा शनिवार, दुकानात फोन आला. शहराबाहेरच्या वसाहतीत एकाला नेमकं तेच मॉडेल विकायचं होतं, फारसं न वापरलेलं. पारख्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गाडी आणायची, जावयासमोर उभी करायची, आणि एकेका भागावर बोट ठेवून त्याची लाज काढायची. संध्याकाळच्या बसने गेला. येताना गाडीवरूनच यायचं.

घर तळमजल्यावरचं. मालक पोस्टातला माणूस, बोलणं हळू, स्वेटरची बटणं चुकीच्या काजात घातलेली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत मुलगा होता, तो बाहेर आला नाही. गाडी जिन्याखाली, जुन्या चादरीखाली. चादर काढली तर अशी चकचकीत की पारख्याला रागच आला. त्याने टाकी ठोकली, मुखवटा हलवून बघितला, आणि मागची ती उंच, हातभर सीट बघून हसला.

"साध्या मॉडेलला मागे धरायला दांडी असते," तो म्हणाला. "ज्यादा पैसे मोजून ती काढून घ्यायची! असली गाडी घेणारा एक तर पोरकट असतो, नाही तर मूर्ख."

मालक म्हणाला, "आमच्याकडे दोघंही होते. हट्ट मुलाचा, पैसे माझे."

पारख्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. त्याने मनात ठरवलेल्या किमतीतूनही आणखी पाडून सांगितली. मालकाने घासाघीस केली नाही. एवढंच म्हणाला, की आज रात्र झाली, सकाळी न्या. पारख्याने कारण विचारलं.

"मागे धरायला काही नाही," मालक म्हणाला.

"मागे बसतंय कोण?"

मालक चादरीची घडी घालत राहिला.

नऊच्या सुमारास पारखी निघाला. रस्ता मोकळा, थंडी चांगलीच. सवयीने तो एकटाच बडबडत होता. हँडल खाली आहे, मनगटं दुखणार. सीट टणक. वारा अडवायला मुखवटा म्हणे, वारा तर छातीवर येतोय. प्रत्येक खोट सापडली की त्याला बरं वाटायचं.

वसाहतीबाहेर स्पीडब्रेकर आला. मागचं चाक आपटलं, आणि शॉकअप दबला... एका माणसाच्या वजनाला दबतो त्याहून जास्त. 'कंपनीने शॉकअपमध्येही पैसे खाल्ले,' पारखी म्हणाला.

पुढे वळणावर त्याने ब्रेक मारला. पाठीला काहीतरी येऊन टेकलं. हलकंसं. उंच सीटवरून कुणी पुढे घसरावं तसं.

त्याने मान वळवून बघितलं. सीट रिकामी.

बडबड थांबली.

मग आवाज यायला लागला. मागे, शेपटीच्या प्लॅस्टिकवर. नखं फिरावीत तसा. डावीकडे. मग उजवीकडे. मग सीटच्या खाली. कुणीतरी चाचपत होतं... शोधत होतं... आणि सापडत नव्हतं.

पारख्याने रेस दिली. पळून जायचं होतं त्याला. गाडी उसळली, आणि नखांचा आवाज एकदम वाढला. घाबरा झाला. खरखर, खरखर... घसरत मागे गेला. अगदी कडेला.

आणि त्याच्या शर्टाला दोन्ही बाजूंनी हिसका बसला.

कमरेपाशी. दोन मुठी.

त्याने खाली बघितलं नाही. थांबावं तर ब्रेक मारायला लागणार. पळावं तर रेस द्यायला लागणार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुठी थरथरत होत्या. थंडीने नव्हे. भीतीने. त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी... त्याच्या पाठीशी बसलं होतं.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. मग त्याचं तोंड उघडलं. आजवर कुणाशी बोलला नव्हता अशा आवाजात म्हणाला,

"घट्ट धर, बाळा. हळू नेतो."

आणि नेली. सायकलीच्या वेगाने. प्रत्येक खड्डा चुकवत, ब्रेकवर नुसतं बोट टेकवत, त्या थंडीत घामाने निथळत. दुकानाच्या आवारात शिरला, गाडी आपोआप थांबू दिली. पाय टेकवून तसाच बसून राहिला. शर्ट ओढलेला होता... ओढलेला होता... आणि मग सैल पडला. मागचा शॉकअप हळूच वर आला.

खिशातला फोन वाजला. पोस्टातला माणूस.

"पोचलात?"

"हो."

म्हाताऱ्याने आवाज आणखी खाली आणला.

"नीट उतरली का ती?"

पारखी हो म्हणाला. मग म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. धाकटी मुलगी, कॉलेजात जाणारी. भावाच्या मागे बसली होती. सिग्नल सुटला, भावाने ऐटीत रेस दिली. चौकाच्या पलीकडे जाऊन त्याने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा कुठे मागे बघितलं. मागून ट्रक येत होता. आता तो पोरगा खोलीबाहेर पडत नाही. गाडी न्यायला याआधीही दोघे आले होते. दोघेही वाटेत टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी जावई गाडी बघायला आला, शिव्या खायच्या तयारीने. पारख्याने त्याला गाडीजवळ जाऊ दिलं नाही. एवढंच म्हणाला, की तुम्हाला हवी ती घ्या, पैसे कमी पडले तर माझ्याकडून घ्या, पण मागे दांडी असलेली घ्या. जावयाला वाटलं सासऱ्यांना ताप आलाय. गाडी दुकानाने भंगारात काढली. पारख्याने स्वतः उभं राहून एकेक भाग सुटा करवला. ते प्रकरण तिथे संपलं.

राहिला तो त्या रात्रीचा शर्ट. बायकोने धुतला, इस्त्री केली, पुन्हा धुतला. शेवटी इस्त्रीवाल्याकडे दिला. त्याने पाणी मारून, कांजी लावून, सगळं करून बघितलं आणि परत आणून दिला. बाकी शर्ट आरशासारखा. कमरेपाशी मात्र दोन्ही बाजूंना कापड गोळा झालेलं, बारीक बारीक चुण्या, एकेका लहान मुठीएवढ्या.

इस्त्रीवाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, कापड गरम करून सोडलं की डोळ्यांदेखत पुन्हा आवळतंय.