खाली दोन, वर एक

निरोप सकाळी आला. चांगदेवच्या बायकोनं, साळुबाईंनी, पेठ गावाहून फोन केला होता. "भावजी, जरा येऊन जाता का? टाक करायचाय. रुपया कोनता द्यायचा त्ये तुमी सांगा."

हौशीरामांनी "येतो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ते वारूळवाडीच्या आपल्या घरात नुसतेच उभे राहिले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, आयुष्यभर कॉलेजात शिकवलेलं, आणि तरी बाहेर पडताना गॅस बंद केला की नाही, हे ते दोनदा बघत. त्या दिवशी तीनदा बघितला.

चांगदेव जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष भरायच्या आत गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, ही त्या घरची रीत. बोटभर पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली माणसाची आकृती. चांदी मात्र त्या माणसानं स्वतः हाताळलेली लागते. आणि चांगदेवकडे राणीछाप रुपये रगड होते.

तो आणि हौशीराम जुने मित्र, दोघंही नाण्यांचे नादिष्ट. चांगदेव पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, मोठ्या आवाजाचा, हसरा, नशीबवान. सदा दाढेखाली लवंग. हातात रुपया आला की तो अंगठ्यानं उडवायचा, दगडावर पडू द्यायचा आणि मान डावीकडे कलती करून त्याचा नाद ऐकायचा. "पोरगी गाती बघ, हौशा!" म्हणायचा. हौशीरामांना ते मुळीच सहन व्हायचं नाही. जुनं नाणं कडेनं धरावं, घासू नये, आपटू नये, हे शास्त्र. लवंगेच्या वासानं तर त्यांना मळमळायचं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं.

एकदा आळेफाट्याला एका भंगारवाल्याकडे दोघं गेले होते. टोपलीत कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले रुपये होते, हळदीकुंकवानं माखलेले. त्यातला १८६२ सालचा एक रुपया हौशीरामांनी आधी उचलला. भिंग लावलं. हे साल टांकसाळीनं पुढं कित्येक वर्षं तसंच छापलं. कोणता रुपया नेमका कधीचा, ते बारीक ठिपक्यांवरून ओळखायचं. सालाच्या खाली दोन ठिपके दिसले. नेहमीचाच. त्यांनी तो परत टोपलीत टाकला. चांगदेवनं तोच उचलला, थुंकी लावून अंगठ्यानं सालाच्या वरच्या नक्षीतलं फूल घासलं. कुंकवाचा थर निघाला आणि देठाशी तिसरा ठिपका उघडा पडला.

खाली दोन, वर एक. अशी जोडी कुठल्याच कॅटलॉगात नव्हती.

"तुझ्या हातात व्हता की रं," चांगदेव हसत म्हणाला. "लक्ष्मी आलेली, तू पाठ फिरवलीस!"

त्यानंतर तो जिथं जाईल तिथं हा किस्सा सांगायचा. शेवटच्या आजारातसुद्धा त्यानं बजावून ठेवलं होतं, संग्रह विकायचा नाही, पुण्याच्या संग्रहालयात द्यायचा. म्हणजे उद्या काचेमागं तो रुपया दिसणार आणि खाली नाव असणार चांगदेवचं. ज्यानं तो आधी उचलला त्याचं नाही.

पेठला साळुबाईंनी चहा ठेवला आणि रुपयांची थाळी पुढं सरकवली. बाहेर उसात वारा शिरला होता. घरात अजून लवंगेचा वास होता.

"यातला साधासुधा कोनता, त्येवढा काढून द्या," त्या म्हणाल्या. "बाकीचं संग्रालयवाले पुढल्या म्हयन्यात नेनारेत. मला मेलीला सगळ्या राण्या सारख्याच दिसत्यात."

हौशीरामांनी भिंग काढलं. तो रुपया त्यांना लगेच सापडला. खाली दोन. वर एक.

"हा," ते म्हणाले. "हा अगदीच साधा आहे, वहिनी. मीच देतो सोनाराकडे. नारायणगावचा सूरज ओळखीचा आहे."

"लई उपकार व्हतील." साळुबाईंनी रुपया कपाळाला लावला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "फकस्त हाच द्या हं भावजी. आमच्या सासूबाई म्हनायच्या, चांदी दुसऱ्याची पडली तर मानूस त्येच्याकडंच ऱ्हायला जातं."

हौशीराम हसले. रुपया त्यांनी मुठीत मिटला.

दुसऱ्या दिवशी ते सूरजच्या दुकानात गेले तेव्हा डाव्या खिशात चांगदेवचा रुपया होता आणि उजव्या खिशात स्वतःचा, त्याच सालाचा, खाली दोन ठिपक्यांचा, नेहमीचा. उजव्या खिशातला त्यांनी काचेवर ठेवला. सूरजनं तो घेतला, चार दिवसांनी टाक तयार झाला आणि साळुबाई येऊन घेऊन गेल्या. एवढं सोपं.

डाव्या खिशातला रुपया आता त्यांच्या टेबलाच्या खणात, मऊ कापडात होता. रोज दिवेलागणीला ते तो काढत, दिव्याखाली धरत आणि तिसऱ्या ठिपक्याकडे बघत बसत. संग्रहालयवाले नेतील ते नेऊ देत. काही महिने जाऊ द्यायचे, मग जाहीर करायचं, माझ्याकडे आहे. वारूळवाडीचा नमुना.

पण आनंद होईना. ठिपका दिसला की चांगदेवचा ओला अंगठाच आठवायचा.

मग तो आवाज सुरू झाला.

बिबट्याच्या भीतीनं त्या बाजूला अंधार पडायच्या आतच दारं लागतात. सगळं चिडीचूप होतं. अशा वेळी, खोलीत एकटे बसलेले असताना, हौशीरामांना बाहेरच्या ओट्यावरून तो नाद ऐकू आला. खण्ण… मग लांबत, बारीक होत जाणारा. दगडावर पडलेल्या चांदीचा. त्यांनी खण उघडला. रुपया कापडातच होता. फक्त त्यांनी राणीचा चेहरा वर ठेवला होता आणि आता साल वर होतं.

आपणच उलटा ठेवला असेल, ते स्वतःशी म्हणाले. वयात असं होतं. पण दुसऱ्या संध्याकाळीही तेच. आणि तिसऱ्या संध्याकाळी त्यांच्या उशीला लवंगेचा वास होता.

सकाळी शेजारची भागू कुंपणापाशी उभी होती. "सर, रातच्याला असं ओट्यावर बसत जाऊ नका बरं. परवाच बिबट्यानं हितलं कुत्रं नेलं."

"मी? मी आतच होतो."

"आता गं बया! मी खिडकीतून बघितलं की. रुपया उडवत व्हता. उडवायचा आन मान अशी वाकडी करून ऐकायचा." भागूनं मान डावीकडे कलती करून दाखवली आणि हसली. "आवाज मात्र काय येत नव्हता, सर. मला वाटलं माझंच कान गेलं."

हौशीराम आत आले. दार लावलं. पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं. साळुबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. चांदी दुसऱ्याची पडली तर… टाक त्यांच्या रुपयाचा झाला होता. मग चांगदेव कुठं येणार? इथंच, त्यांच्या घरात. मेल्यावरसुद्धा पहिला नाद त्यालाच ऐकायचा होता! भीतीपेक्षा हा विचारच त्यांना जास्त जाळू लागला.

अखेर त्यांनी तो रुपया खिशात टाकला आणि नारायणगाव गाठलं. भर दुपार होती, पण दुकानात अंधार होता. वीज गेली होती.

"सूरज, चांगदेवचा टाक पुन्हा करायचाय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडून… रुपया बदलला गेला. मी माझा दिला. त्याचा हा राहिला."

सूरज गोंधळला. "नाही सर. असं कसं?" त्यानं मोबाइल काढला. "वितळवायच्या आधी मी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवतो. नंतर गिऱ्हाईक म्हणतंय, आमची चांदी बदलली. हा बघा तुमचा."

हौशीरामांनी मोबाइल हातात घेतला. फोटो स्वच्छ होता. सूरजनं दोन बोटांनी तो मोठा करून दिला.

सालाखाली दोन ठिपके. वर, फुलाच्या देठाशी, एक.

"हाच वितळवला?"

"माझ्या हातानं, सर."

म्हणजे खिसे चुकले होते. आपणच चुकलो. चांगदेवची चांदी चांगदेवलाच मिळाली. मग आपल्याकडे उरला तो आपलाच, साधा, आणि इतके दिवस आपण जे बघत होतो ते… हौशीरामांनी घाईघाईनं खिशातला रुपया काढला आणि दुकानाच्या उंबऱ्याशी उजेडात धरला. भिंग लावलं.

खाली दोन. वर एक.

"सर?" सूरज म्हणाला. "काय झालं?"

"हा बघ. ठिपका दिसतोय ना? वर?"

सूरजनं वाकून पाहिलं. त्यानं मोबाइल शेजारी धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "दिसतोय… पण सर, राणीच्या गालावरचा हा ओरखडासुद्धा तोच आहे. हा रुपया तर… मी…" तो बोलायचा थांबला. मग सोनाराच्या सवयीनं म्हणाला, "वाजवून बघा."

हौशीरामांनी आयुष्यात कधी नाणं वाजवलं नव्हतं. तरी त्यांचा अंगठा सफाईनं उडाला. रुपया वर गेला, गिरक्या घेत खाली आला आणि उंबऱ्याच्या दगडावर पडला.

खण्ण…

काय नाद होता! गोड, लांब, थरथरत जाणारा. इतकी वर्षं हे सुख तो एकटाच घेत होता तर.

"वाजलाच नाही सर," सूरज कुजबुजला. तो दोन पावलं मागं सरकला होता. "दगडावर पडला, आणि… काहीच नाही."

हौशीरामांना तेव्हा कळलं, की आपली मान डावीकडे कलली आहे. त्यांनी ती सरळ करायचा प्रयत्न केला.

"सर," सूरजनं विचारलं, "तुम्ही लवंग कधीपासून खायला लागलात?"

"मी नाही खात," असं ते म्हणणार होते. पण जीभ हलवताच ती दाढेपाशी कशाला तरी अडली. बारीक, कडक, टोकाला फुलासारखं.