ओल्या रंगाचा बाक

रंगाचा पहिला हात

"पाटी दिसत नाही का?"

"दिसली ना! पण 'रंग ओला आहे' एवढं वाचून होईपर्यंत बसलो होतो."

तो उठला. पाठीवर हिरवे पट्टे, थेट कलिंगड! दर रविवारी शहराच्या बागेत हौसेनं राबायला येणाऱ्या त्या विशीतल्या मुलीला हसू आवरेना.

"सदरा गेला की हो तुमचा."

"जाऊ दे. घड्याळजी आहे मी, वेळ तर बरोबर साधली... पुढच्या वर्षी रंगवाल तेव्हा शेजारी बसा. बघू कोणाची पाठ जास्त हिरवी!"

"ओल्या रंगात? वेड लागलंय थोडंच!"

म्हणाली खरी—आणि दिवस मोजत बसली.

दुसरा हात

त्याच हिवाळ्यात घड्याळजी साध्या तापानं गेला.

पुढच्या वर्षी तिनं तरीही बाक रंगवला. फाटकाला कुलूप घालून किल्ली घरी नेली. सकाळी येऊन पाहते तो—बाकाच्या उजव्या अंगाला पाठ उमटलेली. डावी जागा मोकळी... राखून ठेवल्यासारखी.

मधले हात

दर वर्षी तीच पाठ.

ती झोपाळ्यांना तेल घालत राहिली. बागेवर इमारत उठू नये म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. केस पिकले. शिडीवर, वाफ्यात, घसरगुंडीखाली, सगळीकडे ती दिसे. त्या बाकावर कधीच नाही.

बसलं, आणि शेजारी कोणीच नसलं... तर?

शेवटचा हात

"आत्या, उद्या हा बाक उचलून लोखंडी बसवणार आहेत," भाची म्हणाली. "रंग कशाला वाया घालवतेस?"

"कोणीतरी बसायचं राहिलंय."

"कोण गं?"

"मी, बाई!"

संध्याकाळी फाटक लावून, पांढरा स्वेटर घालून, ती डाव्या अंगाला टेकली. रंग पाठीला गार लागला. वारा पडलेला. उजवीकडची फळी हळूच करकरली... आणि दबली.

तिनं मान वळवली नाही.

"झाली का पाटी वाचून?"

फक्त घड्याळाची टिकटिक—अगदी कानाशी.

सकाळी बाक नेणाऱ्यांसाठी फाटक उघडायला ती तोच स्वेटर घालून आली.

"अगं आत्या, कलिंगड झालंय तुझं! आणि हे... डाव्या खांद्यावर काय?"

चार बोटं. हिरवी. अजून ओली.

भाची रुमाल घेऊन पुढे झाली, तशी म्हातारी विशीतल्या मुलीसारखी लाजली.

"असू दे गं. पुसू नकोस."